टाकी क्रमांक तीन

उम्म अल क्वैनच्या खाडीवर
जानेवारीत सापडलं ते पिल्लू,
थाळीएवढं,
पाठीवर बार्नकलचे खडे, पोहणं विसरलेलं.
मेलंय समजून शाजीनं पिशवी आणली होती.

डॉक्टर शमसा म्हणाल्या, मेलं नाही, गारठलंय.
काळीज चालू आहे, मिनिटाला पाच-सहा ठोके.
आणि मला बोलावलं.

अकरा वर्षं मी इथे गारवा विकतोय :
स्प्लिट, डक्ट, चिलर,
गॅस भर, कॉइल धू.
काही गरम करायला कुणी कधी बोलावलं नव्हतं.

"एकदम नको. दिवसाला दोनच अंश.
घाई केलीत तर तेच काळीज बसेल."

आपल्या पोटात चूल आहे, चोवीस तास पेटती,
म्हणून तर तीन वेळा सरपण लागतं.
याच्या घरात चूलच नाही.
विस्तव शेजारून आणायचा,
उन्हाकडून, उथळ पाण्याकडून,
आणि शेजारीच विझला
तर गप्प पडून राहायचं.

सोळा. अठरा.
विसाला एक पापणी.
बाविसाला मागचा उजवा पाय, वल्हं चुकल्यासारखा.
मी वहीत टिपून ठेवलं,
बिलात हे कुठल्या रकान्यात लिहायचं ठाऊक नव्हतं.

चोविसाला त्यानं माकुलाचा तुकडा धरला,
सोडला,
पुन्हा धरला.

फोन वाजला. सलामामधला व्हिला :
मॅडमची बेडरूम पुरेशी गार होत नाही.
आलोच, म्हणालो.
हात अजून टाकीतच होता.