राखण

सेरोंगाच्या पलीकडे, नदी जिथे बोटं पसरते,
केलेबोन्ये बाजरीच्या कडेला बसली आहे.
तारेला टांगलेले रिकामे डबे,
मिरचीपूड कालवून थापलेल्या हत्तीच्याच शेणाच्या विटा,
एक बॅटरी, थोपटल्याशिवाय न उघडणारी,
आणि पाठीशी चटईवर गाओने, दहा महिन्यांची.

गाओनेला चौदा तास झोप लागते.
दवाखान्यातली नर्स म्हणाली, लागू दे,
आत बांधकाम चालू आहे.
झोपेतच ती ओठ हलवते,
जणू कुणी विटा मोजून घेतंय.

गाढव उभ्याउभ्या पेंगतं, एकूण तीनेक तास.
त्यातही एक कान
वाऱ्याकडे नोकरीला ठेवलेला.

गेल्या साली त्शेनोलो आला होता,
गॅबोरोनचा, कोरे बूट घातलेला पोरगा.
हत्तिणींच्या सोंडेत यंत्रं बसवून
त्यांची झोप मोजायचा.
म्हणाला, सोंडेचं टोक पाच मिनिटं हललं नाही
की समजायचं, झोपली.
दिवसाला दोन तास, मावशी.
कधी दोन-दोन दिवस तेही नाही.

ती हसली होती. मग ती आमच्यातलीच की.

त्याला समजावून सांगायची हौस.
एवढं मोठं पोट, आणि आत जाणार काय,
तर गवत, साल, काटक्या. कसच नाही त्यात.
चावता चावताच दिवस संपतो,
झोपेला जागा कुठून काढणार?
सिंहाचं बरं आहे, एक म्हैस पाडली
की सावलीत पसरून दिवस घालवतो.
त्याला उठवणार कोण?

आणि वटवाघूळ? तिने विचारलं होतं.
काही काही वीस तास झोपतात.
त्यांचे किडे उडतात संध्याकाळी घटकाभर.
बाकीचा वेळ जागून करायचं काय?
मग जरा थांबून म्हणाला,
पण हे सगळं अंदाजाने, मावशी.
झोप मुळात कशासाठी, हेच अजून नक्की कळलेलं नाही.

आणि बाई? तिने विचारलं. बाईला किती लागते?
त्याने वही उघडली,
आणि पेन सापडत नसल्यासारखं केलं.

मध्यरात्रीनंतर आल्या त्या.
आधी वास, मग काळोखाचाच एक तुकडा
जागचा हललेला.
फाटक्या कानाची पुढे, पिल्लू पोटाखाली.
केलेबोन्येने विटा पेटवल्या,
डबे बडवले, शिव्या दिल्या
आईकडून शिकलेल्या, जुन्या, दणकट.
गाओने जागी झाली नाही.
त्या शिंकल्या, थबकल्या,
उत्तरेच्या कोपऱ्यातून तार वाकवून आत आल्या,
खाल्लं, आणि सावकाश गेल्या,
घाई फक्त तिलाच होती.

मग ती वेळ, जेव्हा अंधार
विरजण लागल्यासारखा घट्ट होतो.
वारुळाला टेकून फाटक्या कानाची उभी.
दगड मारला तर लागेल, एवढ्यावर.
डबा हातात होता.
सोंडेचं टोक मातीवर होतं,
हलत होतं,
हलत होतं,
नव्हतं हलत.

केलेबोन्येने बॅटरी विझवली.
मिनिटं तिने श्वासावर मोजली,
पाचाच्या पुढे आकडा गेला,
मग गोंधळला.

इतक्यात गाओने कुरकुरली.
तिने झटकन तिला छातीशी धरलं,
आवाज फुटायच्या आत.
कुणाची झोप मोडेल म्हणून,
हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

उजाडल्यावर वारुळापाशी कुणी नव्हतं.
वारुळाला एक गुळगुळीत, ओलसर डाग.
तिने हात लावून पाहिला, ऊब गेली होती.
मग शेतात शिरून मोजलं.
बाजरीच्या अकरा ओळी गेल्या.
बाराव्या ओळीत
ती जरा टेकली, फक्त टेकली,
आणि गाढवाने एक कान
तिच्याकडे वळवला.