टिंब

शिवडीच्या आमच्या पालिका शाळेला चार मजले.
तळाला बालवाडी, फरशीवर रंगवलेले गोल,
दाराशी उलटसुलट चपला.
पहिल्यावर मराठी, दुसऱ्यावर उर्दू,
तिसऱ्यावर तेलुगू होती, पट घसरला,
आता तिथे मोडकी बाकं एकमेकांवर बसून असतात.
चौथ्यावर आठवी ते दहावी, मग गच्ची,
गच्चीला कुलूप.
पुढचं शिक्षण बाहेर, बस पकडून.

मी जिन्याखाली बसतो, दौलत घाग, लिपिक.
जनरल रजिस्टर माझ्याकडे.
वर कोण काय शिकवतं ते मला भिंतीतून येतं तेवढंच:
सातचा पाढा, एखादी छडी, बाकावरून कंपासपेटी पडल्याचा आवाज.
पण इथे नोंदल्याशिवाय कुणी वर चढत नाही,
आणि दाखल्याशिवाय कुणी फाटकाबाहेर मोठं होत नाही.
ज्यांच्या आया सांगतात, "गणपती नुकते गेले होते बघा,
नाहीतर यायचे होते,"
त्यांना मी एक जून देतो.
अर्धी वस्ती एक जूनला जन्मली, माझ्या हातून.

अशाच एका जूनमध्ये,
बाहेर पालकांची रांग, आत पंखा बंद,
शिवांगी सुहास धनावडे, वय पाच पूर्ण,
आणि मी लिहिलं: शिवागी.
टिंब राहिलं.

वर्गात बाई तिला शिवांगीच म्हणायच्या,
टिंब त्यांच्या नाकात होतं.
कागद मात्र शिवागी म्हणत राहिला.
चौथीची स्कॉलरशिप, सातवीचं प्रगतिपुस्तक,
बोर्डाने तर इंग्रजीतला एक एन कमी करून
हॉलतिकीट धाडलं, विचारलं नाही.
अकरावीच्या यादीत दहा कॉलेजं भरली,
सातव्याने घेतली, शिवागी म्हणून.
एफवायला अकाउंटन्सीत केटी लागली,
तीही शिवागीलाच.
मग पदवी. जाड कागद, विद्यापीठाचा उठावाचा शिक्का,
खाली कुलगुरूंची सही,
माझ्या चुकीच्या बरोब्बर खाली.
एवढी शिकलेली माणसं मधे बसलेली,
बालवाडीपासून कलिन्यापर्यंत,
एकानेही माझा हात धरला नाही.
जो तो खालच्याचं बघून उतरवत गेला.
आम्ही पोरांना कॉपी केली म्हणून उभं करतो.

पदवी घेऊन ती आली होती, अर्ज लिहून.
मी नियम वाचून दाखवला:
विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर नोंदीत बदल होणार नाही,
वरचा आदेश असल्याशिवाय.
"पण काका, चूक तुमची ना?"
"नोंद शाळेची आहे," मी म्हटलं.
तीस वर्षांच्या नोकरीत
याहून वळणदार काही मी लिहिलेलं नाही.

काल परत आली.
बोटाला मुलगी, साडेतीन वर्षांची, नाकाला शेंबूड,
बालवाडीत घालायचीय.
"नाव रेवा," म्हणाली,
"बिनटिंबाचं बघून ठेवलंय, तुमच्यासाठी.
मात्रा तेवढी सांभाळा,
नाहीतर रवा होईल."
हसली. मला हसता येईना.
रेवा लिहिलं, मात्रा दोनदा पाहिली.

पुढचा रकाना आईच्या नावाचा.
आधारवर शिवागी, पॅनवर शिवागी, बँकेत शिवागी.
टिंब दिलं तर पोर्टल पोरीला घेणार नाही,
लाल अक्षरात सांगेल, माहिती जुळत नाही.
ती समोर उभी, काही बोलत नव्हती,
पेनाच्या टोकाकडे बघत होती,
परीक्षेत शेजारच्या पेपरकडे बघावं तशी.

शिवागी लिहिलं, शाईने.
मग खणातून पेन्सिल काढली
आणि वा-वर एक टिंब दिलं, बारीक.
पेन्सिल नोंदीत धरत नाहीत.
तपासणीला साहेब येतील तेव्हा
खोडरबर माझ्याच खणात आहे.

साहेब मार्चमध्ये येतात.
मी फेब्रुवारीत रिटायर होतो.