वजनाआधी

देब्रे ताबोरच्या दवाखान्यात
वर्कनेश नर्स हुकाला झोळी अडकवते.
झोळीत माझी अकरा दिवसांची बहीण. नाव अजून नाही.

स्प्रिंग अर्धी वीत खाली येते,
वर जाते, येते.
काटा ठरेना. आईचा श्वास अडकलेला.

माझ्या मांडीवर उद्याच्या परीक्षेची वही:
कोनीय वारंवारता काढा.
वस्तुमान दिलेलं नाही. स्प्रिंगचा स्थिरांकही.

हेलकावा निवतो. मी पट्टी लावतो.
स्प्रिंग दहा सेंटिमीटर ओढलेली.
गुरुत्वाला त्या ओढीनं भागायचं, वर्गमूळ घ्यायचं.
सेकंदाला दहा रेडियन, जवळजवळ.

म्हणजे वजन न कळताच
तिची लय माझ्या वहीत उतरली.

"किती रे?" आई विचारते.
"दहा."
आई दचकते.

वर्कनेश काट्याला डोळा लावून:
"तीन किलो दोनशे. येशितिला, वही मिट,
हिला धर."