पुडी क्रमांक एकेचाळीस

रात्रपाळीला माझ्याकडे मुंडकी येतात.
स्कार्वनेसच्या धक्क्यावर दिवसभर कॉड सोलतात,
पांढरं मांस बर्फात बसून दक्षिणेला जातं,
उरतं ते पट्ट्यावरून घरंगळत माझ्या टाकीपाशी:
मुंडकी, कणे, कल्ले,
पोटाच्या कातरलेल्या कडा.
वडील याला घाण म्हणायचे, समुद्रात लोटायचे.
आता वहीत याचं नाव कच्चा माल.

पन्नास अंशांच्या पाण्यात मी विकरं सोडतो.
त्यांना दात नाहीत, तरी चावतात.
तासाभरात मांस हाडाचा हात सोडतं.
मग पाणी तापवून त्यांनाच गप्प करायचं.
(काम झालं की कोण कुणाला विचारतं.)
मग यंत्र गरगरतं:
वर तेल, खाली काटेकुटे,
मधे चहाच्या रंगाचं पाणी,
ते वाळवलं की फिकट पिवळी भुकटी,
जिभेवर आधी कडवट, मग खारट,
मग बराच वेळ
कुणाचं तरी नाव आठवू नये तशी.

आल्फहिल्ड आत्या एक्क्याऐंशीची.
दहाव्या वर्षी ती याच धक्क्यावर
खिळ्यावर मुंडकं टोचून एका फटक्यात जीभ काढायची,
जिभांना किलोवर पैसे मिळत.
त्या पैशांची लाल सायकल
अजून तिच्या होडीच्या खोपीत टेकलेली आहे.
आता बरणीचं झाकण तिला दाद देत नाही.
मांड्या आटल्या.
खुर्चीतून उठताना ती आधी टेबलाकडे बघते,
मग माझ्याकडे,
मग दोघांनाही नको म्हणते.

इस्पितळातल्या इंगेरीदने तिला अभ्यासात घेतलं.
सहा महिने, रोज एक पुडी, लिंबाच्या वासाची.
काहींच्या पुडीत माझी भुकटी, काहींच्या मक्याचं पीठ,
कुणाच्या वाट्याला काय, ते इंगेरीदलाही ठाऊक नाही.
आत्या क्रमांक एकेचाळीस.
हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं, बसायचं.
पहिल्या दिवशी तिसऱ्या खेपेला
घड्याळच थांबवावं लागलं.

नवव्या दिवशी आत्याने पुडी बशीत कालवली
आणि लुर्वेनपुढे ठेवली.
लुर्वेनने हुंगलं, शेपटी वळवली,
खिडकीत जाऊन पंजा चाटत बसली.
मासळीच्या गावचं मांजर ते,
त्याला लिंबू फसवतंय होय?
"पीठ आहे," आत्या म्हणाली.
"कुणाला बोलू नकोस."

त्याच रात्री मी जन्मात पहिल्यांदा चोरी केली.
जेवणाच्या डब्यात दाबून भरलेली भुकटी,
बाहेर उणे अकरा, आणि मला घाम.
सकाळी तिच्या टेबलावर डबा उघडला.
तिने नाक जवळ नेलं, डोळे मिटले,
किती वेळ तशीच होती सांगता येत नाही,
बहुधा खिळ्यापाशी उभी असावी, हातात सुरी.
मग म्हणाली, लाव झाकण.

"माझ्या नावावर पीठ आलंय ना,
मग मी पीठ.
कुणाच्या तरी पायांत बळ आलं की नाही
हे माझ्या पायांशी ताडून बघणार आहेत ते.
मी लबाडी केली
तर तुझी एवढी मुंडकी फुकट जातील, पोरा."

मी काही बोललो नाही.
बोलण्यासारखं होतं ते तिने आधीच
काट्यासकट काढून ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये शेवटची चाचणी झाली.
चार वेळा उठली. पाचव्या खेपेला
अर्ध्यावर अडकली, गुडघे थरथरले,
इंगेरीदने हात पुढे केला, तो तिने पाहिला नाही,
किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं.
कागदावर चार लिहिलं गेलं.
पीठ तेवढंच देतं म्हणायचं,
की तिचं तिने मिळवलेलं, देव जाणे.

पाकिटं ऑक्टोबरात फुटतील.
डबा खोपीत आहे, लाल सायकलीच्या वरच्या फळीवर,
चिकटपट्टीवर तिच्या हलत्या अक्षरात
एकच शब्द: ऑक्टोबर.
ठेवताना तिने एवढंच बजावलं,
झाकण फार घट्ट लावू नकोस.