नावे

दांडिया बाजारात, दुसऱ्या मजल्यावर,
खाली साबुदाण्याची घाऊक पेढी,
वर आमचा ट्रस्ट : एक टेबल, दोन कपाटं
आणि अर्ज उडवण्यापुरताच फिरणारा पंखा.
मी इथला हिशेबनीस.
कलेतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगतो,
म्हणजे पुढे कुणी विचारायला नको.

वर्षाला अकरा मुलं. महिना अठराशे.
नियम चौथा : रक्कम केवळ कलेच्या साधनांवर खर्चावी,
पावती जोडावी.

तर पावत्या येतात.
झिंकच्या पत्र्याची, कोपरा ॲसिडनं खाल्लेला.
तबल्याच्या पुडीची, रावपुऱ्यातली,
दुकानदारानं शाईच्या बोटानंच सही केल्यासारखी.
प्लॅस्टर तीन गोणी, हातगाडीचे चाळीस वेगळे.
मी टाचण्या लावतो, बेरीज करतो,
रोजमेळ मिळाला की चहा मागवतो.

जमना राठवा, शिल्प, दुसरं वर्ष.
पावती : चप्पल, एक जोड, दोनशे दहा.
बोलावून घेतलं.
आली ती कोपरापर्यंत पांढरी,
खुर्चीवर बसेना, खुर्ची खराब होईल म्हणून.
म्हणाली, काका, आठ आठ तास उभं राहायचं असतं,
खाली सगळ्या दगडाच्या कपच्या.
मी तिच्या पायांकडे पाहिलं नाही.
पावतीच्या मागे लिहिलं : शिल्पसाहित्य.
विश्वस्तांनी सही केली.
ते कागद उलटत नाहीत.

आता मोहसीन मीर.
सारंगी. घरात चौथी पिढी, आणि शेवटची,
असं त्यानंच अर्जात लिहिलं होतं,
'कौटुंबिक पार्श्वभूमी' या रकान्यात, एका ओळीत.
ऑगस्टमध्ये आला आणि टेबलावर चौदाशे ठेवले.
मकरपुऱ्यात लागलोय, बेअरिंगच्या कारखान्यात.
हे उरलेले.
म्हटलं, राहू दे रे, कोण विचारतंय.
नाही, म्हणाला, हिशेब आहे.

सव्वीस वर्षं मी या खुर्चीवर,
पैसे परत आलेले पाहिले नव्हते.
नोटा मोजताना त्याचा हात समोर होता.
नखांच्या मुळाशी घट्टे,
जिथे तुमच्याआमच्या बोटांना काहीच काम नसतं, तिथे.
लेथवर असले घट्टे पडत नाहीत.
लेथवर जातात का, ते मला माहीत नाही.

तो जिना उतरला. खाली गोण्या चढत होत्या.
मी वही उघडली.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
जमेला चौदाशे मांडले, ते सोपं होतं.
पण नावे? कुणाच्या नावे, काय म्हणून?
सारंगी सोडली, हे खर्चात धरायचं
की तूट म्हणायचं?
पेनातली शाई वाळली, पुन्हा बुडवली, पुन्हा वाळली.

त्या संध्याकाळी घरी जायचं सोडून
सुरसागरच्या बाजूनं वळलो.
संगीत कॉलेजच्या वरच्या खिडकीत कुणीतरी
एकच जागा घोकत होतं, चुकत होतं,
पुन्हा तिथूनच.
पाळीवर शेंगदाणेवाला, त्यालाही ती पाठ झालेली.
मी उभा राहिलो. किती वेळ, ते लिहून ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वाद्यांच्या दुकानात विचारलं :
सारंगीच्या आतड्याच्या तारा, पूर्ण संच?
साडेसोळाशे.
वरचे अडीचशे कुठून आले
हे वहीत शोधू नका.

संच कपाटात आहे, वरच्या खणात,
ओल लागू नये म्हणून वर्तमानपत्रात.
मार्चअखेर ऑडिटर विचारतील.
नियम चौथा दाखवीन. पावती जोडलेली आहे.

गुरुवारी त्या कारखान्याला सुट्टी असते.
गुरुवारी मी सातपर्यंत
दार लावत नाही.