पेन्सिलीने केलेली आखणी

उलानबातरहून आलेल्या पुस्तिकेत लिहिलंय,
वर्गाला चार कोपरे असावेत.
एक बाहुल्यांचा, एक पुस्तकांचा, एक ठोकळ्यांचा,
आणि एक शांत, रुसून बसायला.

खांडसुरेन सौर दिव्याखाली हे वाचते
आणि गेरभर नजर फिरवते.
नजर भिंतीभिंतीने फिरून
पुन्हा दारापाशीच येते.

गोल घराला कोपरा कुठून आणायचा?

तीन आठवड्यांचा मुक्काम.
या खोऱ्यात मुलं बारा, सगळी पाचाच्या आतली.
सात घोड्यावरून येतात,
त्यातलं एक बापाच्या पुढ्यात झोपूनच पोचतं.

वहीत लिहिते: नऊ वाजता हात धुणे.
मग खोडते.
घड्याळ एकच, तिच्या मनगटावर,
आणि त्यावर मुलांचा काडीचा विश्वास नाही.
त्यांचा विश्वास छताच्या कड्यातून उतरणाऱ्या उन्हावर.
म्हणून नव्याने:
ऊन पश्चिमेच्या जाळीवरून खाली आलं, की हात धुणे.
ऊन पेटीवर चढलं, की जेवण.
पेटीवरून घसरलं, की झोप.
पूर्वेच्या भांड्यांना लागलं, की टोप्या, बूट, घर.
आभाळ भरलं तर?
हा रकाना ती कोराच ठेवते.

बुधवारी चौकोन.
गोल शिकवावा लागला नाही, ती गोलातच जन्मलीत.
चौकोन मात्र शोधायला पाठवावं लागलं.
छुलूनबातने खिशातून वाळल्या दह्याची वडी काढली,
चार कोपरे मोजून दाखवले, सगळ्यांना, दोनदा,
आणि तोंडात टाकली.
जेवणाच्या वेळी बाहेर काढली तेव्हा
ती गुळगुळीत गोल होती.
खांडसुरेनने रात्री लिहिलं:
चौकोन झाला. टिकला नाही.

आणि नेर्गुई.
तिच्या नावाचा अर्थच 'नाव नाही'.
आधीची दोन गेली,
हिला कुणाची दृष्ट लागू नये
म्हणून आईने हिला असं लपवलं.
हजेरी घेताना खांडसुरेनची जीभ दर वेळी अडखळते,
नाव-नाही आली का?
उत्तर नाही. पण खुंटीवर तिची लाल टोपी असते.

तिच्यासाठी वहीत वेगळं पान.
पहिला आठवडा: बोलेल.
दुसरा आठवडा: बोलेल, बहुतेक.
तिसऱ्याला नुसती एक रेघ.

एके दिवशी ती सापडेचना.
बाहेर शोधलं, वासरांच्या दाव्यापाशी शोधलं,
खांडसुरेनच्या पायातलं बळच गेलं.
ती होती पेटीमागे.
पेटीची पाठ सरळ, भिंत वाकडी,
दोघींचं जमत नाही तिथे एक फट उरते,
एका मुलापुरती.
नेर्गुई तिथे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती,
आणि रुसलेली मुळीच नव्हती.

त्या दिवसापासून शेकोटीसाठी आणलेलं शेणही
कुणी त्या फटीत ठेवत नाही.

एकविसाव्या दिवशी गेर उतरवला.
नमदे, दोर, जाळ्या, बारा खुंट्या,
सगळं ट्रकमध्ये; हात धुण्याचा डबा
सगळ्यात आत, गच्च बांधलेला.
मागे राहिलं पिवळ्या गवताचं एक वर्तुळ.

पुढच्या खोऱ्यात नऊ मुलं आहेत, वही नवी आहे,
ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.
तेवढ्यात टेकडी उतरून लाल टोपी आली.
दार होतं तिथूनच ती वर्तुळात शिरली,
उंबरा होता तिथे पाय उचलून,
आणि पेटी होती त्याच्या मागे जाऊन बसली.
वर पाहिलं.
छत नव्हतं, आज ऊन होतं तेवढं सगळंच तिथे होतं.

"हात धुवायचे," नेर्गुई म्हणाली.

खांडसुरेनने ड्रायव्हरला हाताने थांब म्हटलं
आणि ट्रकवर चढून
दोराची पहिली गाठ सोडायला घेतली.