फुली

दोन नावांच्या मधे फुली मारायची
म्हणजे जोड लागली, असं आण्णांनी शिकवलं.
शाळेत फुली म्हणजे चूक.
तिसरीपासून दोन्ही फुल्या मी एकाच पेनानं मारत आले,
म्हशींच्या दुधाच्या वहीत, मागच्या पानापासून उलट.

कसबा बावड्यात आमच्या कारवानींना मान होता.
पोट आत, छाती खोल,
कमरेच्या दोन हाडांमधे तीन बोटं बसली पाहिजेत,
चार बसली तर आण्णा ते पिल्लू फुकट देऊन टाकत.
सगळ्यांच्या मुळाशी सरदार.
मुधोळहून टेम्पोत, कडब्यावर बसून आलेला.
सरदार फुली चंपा. त्यांची गेंदा.
गेंदा फुली परत सरदार.
'रक्त भाईर जाऊ द्यायचं न्हाई.
दुधात पाणी घातल्यावर काय ऱ्हातंय?'
हे वाक्य मी वहीत लिहिलं नाही,
पण ते प्रत्येक पानावर आहे.

मग रेवतीची पिल्लं, सहा.
दिवसा वाऱ्यासारखी.
दिवेलागणीला त्यातली दोन
दुधाची परात सोडून
भिंतीला नाक लावून उभी.

शिरगुप्पे डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली,
मग वही मागितली.
आईकडून एक बोट वर नेलं, बापाकडून दुसरं.
दोन्ही बोटं सरदारवर येऊन एकमेकांना टेकली.
'एकाच बाजूनं आलं तर गप पडून राहतं.
दोन्हीकडून आलं, की मग.'
'सरदारला दोन शेतांपल्याडचा ससा दिसायचा!'
'दिसणारच. त्याच्यात एकच होतं.'

आण्णा काही बोलले नाहीत.
आईनं चहा आणला. आई म्हणजे
आण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी.
बाहेर अंधारलं होतं,
आणि रणधीरदादा गल्लीतून
सायकल हातात धरून, भिंतीच्या कडेकडेनं येत होता.
लहानपणापासून तो असाच येतो.
आम्ही म्हणतो, दादा सावकाश आहे.

आण्णा त्याच्याकडं बघत राहिले.
कपातल्या चहावर साय धरली.

पुढच्या हंगामात जतच्या बाजूच्या एका धनगराकडून
एक नर आला. कान जरा मोठे,
रंग मातकट, कंबरेत चार बोटं.
'बाप कोण याचा?' मी पेन उघडून विचारलं.
'ठाव न्हाई.'
'मग लिहू काय?'
'कोरी सोड.'

गेंदाच्या धाकट्या मुलीपुढं फुली मारली,
पलीकडं कोरी रेघ सोडली. पहिल्यांदाच.
बाज ओढत, माझ्याकडं न बघता आण्णा म्हणाले,
'आत्याचा फोन आलता. सूरजसाठी.
तिला काय सांगायचं ते मी सांगतो.'

आंधळ्यातलं एक पिल्लू अजून आमच्याकडंच आहे.
रात्री दादा उंबऱ्यापाशी नुसता बसतो,
ते वासानं येतं
आणि त्याच्या पायावर हनुवटी ठेवतं.
त्याचं नाव मी वहीत चढवलेलं नाही.